चाल द्यायची की पॅक करायचं? पोकरचा हिशोब आणि आपला धंदा



व्हिडिओखाली सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हा आहे: "सर, यात पैसे घालू का?" मग तो प्रश्न नांदेडच्या नव्या मोंढ्यातल्या गाळ्याचा असो, लातूरच्या एमआयडीसीतल्या मशीनचा असो, नाहीतर गोडाऊनमध्ये ठेवलेल्या सोयाबीनचा असो. त्यामागचा खरा प्रश्न असतो, "हे चालेल का?" आणि त्याचं उत्तर कुणाकडेच नसतं. माझ्याकडेही नसतं.

पण दुसरा एक प्रश्न आहे, त्याचं उत्तर कागदावर काढता येतं. तो म्हणजे: "हे चालण्याची जेवढी शक्यता आहे, त्या मानाने मला मागितलेली किंमत बरोबर आहे का?" हा प्रश्न नीट कसा विचारायचा, हे पोकर नावाच्या पत्त्यांच्या खेळातून फार छान कळतं. आजच्या व्हिडिओत वेळेअभावी आकडे भरभर सांगितले, म्हणून इथे सावकाश लिहितोय. कागद-पेन घेऊन बसा.

आधी एक गोष्ट स्पष्ट

इथे कुणाला पत्ते खेळायला शिकवायचं नाही. आपल्या मराठवाड्यात 'तिर्रट' हा शब्द बहुतेकांना पोलिसांच्या छाप्याच्या बातम्यांतूनच माहीत आहे. राज्यात १८८७ पासूनचा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवायलाही बंदी आली आहे, मग तो खेळ नशिबाचा असो की कौशल्याचा. तेव्हा खेळ बाजूला ठेवायचा आणि त्यातला हिशोब तेवढा घ्यायचा.

तसा हा हिशोब परका नाही. महाभारताच्या वनपर्वात नलराजाची गोष्ट आहे. द्यूतात राज्य गमावलेला नल ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. वाटेत ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडाकडे नुसतं बघून त्याची पानं-फळं किती ते सांगतो. नल मोजून बघतो, तर आकडा बरोबर! मग ऋतुपर्ण त्याला फाशांची विद्या देतो आणि त्या बदल्यात नल त्याला घोड्यांची विद्या देतो. अंदाज घेणं आणि डाव खेळणं या एकाच विद्येच्या दोन बाजू आहेत, हे आपल्याकडे फार आधीपासून ठाऊक होतं. युरोपात १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा या दोघांनी एकमेकांना पत्रं लिहून असाच एक प्रश्न सोडवला. खेळ अर्ध्यात थांबला तर डावातले पैसे कसे वाटायचे, हा तो प्रश्न. आजचा विमा आणि बँकेचं जोखमीचं गणित त्याच वाटेने पुढे आलं.

पत्ता तोच, निर्णय वेगळा

तीन पत्ती माहीत असेल तर पोकर समजायला वेळ लागत नाही. समोरच्याने पैसे लावले की तुमच्यापुढे मुख्य दोन रस्ते असतात. तेवढेच पैसे टाकून डावात राहायचं, म्हणजे 'कॉल', आपल्या भाषेत चाल. नाहीतर पत्ते खाली ठेवायचे, म्हणजे 'फोल्ड', आपल्या भाषेत पॅक. मध्ये जमलेल्या पैशांना 'पॉट' म्हणतात.

आता समजा, तुमच्या हातात बदामाचे दोन पत्ते आहेत. टेबलावर सगळ्यांसाठी चार पत्ते उघडे आहेत, त्यातही दोन बदाम आहेत. शेवटचा एक पत्ता उघडायचा बाकी आहे. तो बदाम निघाला तर पाच बदाम होतात आणि डाव तुमचा, असं धरू. नाही निघाला तर गेला.

शक्यता किती? कॅटमध्ये ५२ पत्ते. तुम्ही सहा बघितले, राहिले ४६. एकूण बदाम १३, त्यातले चार दिसले, राहिले ९. म्हणजे ४६ पैकी ९ पत्ते तुमच्या कामाचे. हे झाले साधारण १९.६ टक्के, पाचातून एकदा.

बहुतेक लोक इथेच थांबतात. कुणी म्हणतो, "पाचातून एकदाच? सोडा." कुणी म्हणतो, "आज माझा दिवस आहे, टाका." दोघांनीही किंमत विचारलेली नाही. ती विचारून बघू.

पहिला डाव: पॉटमध्ये ९०० रुपये आहेत, समोरचा १०० लावतो. पॉट झाला १,०००. तुम्हाला १०० टाकायचे आहेत.

दुसरा डाव: पॉटमध्ये ४०० आहेत, समोरचा ४०० लावतो. पॉट झाला ८००. तुम्हाला ४०० टाकायचे आहेत.

पत्ते दोन्हीकडे तेच. आता हा प्रसंग ४६ वेळा आला असं धरा. नऊ वेळा जिंकाल, ३७ वेळा हराल.

- पहिल्या डावात: ९ वेळा १,००० म्हणजे ९,००० आले. ३७ वेळा १०० म्हणजे ३,७०० गेले. हातात उरले ५,३००.
- दुसऱ्या डावात: ९ वेळा ८०० म्हणजे ७,२०० आले. ३७ वेळा ४०० म्हणजे १४,८०० गेले. खड्डा ७,६०० चा.

बघा, पहिल्या डावात चाल देणारा शहाणा आणि दुसऱ्या डावात चाल देणारा अडाणी. शक्यता दोघांची अगदी सारखी, फक्त किंमत बदलली.

दरवेळी ४६ डाव लिहायची गरज नाही. सूत्र सोपं आहे:

लागणारी शक्यता = मला टाकायचे पैसे ÷ (पॉट + मला टाकायचे पैसे)

पहिल्या डावात १०० भागिले १,१००, म्हणजे ९ टक्के. तुमच्याकडे १९.६ आहेत, चाल द्या. दुसऱ्या डावात ४०० भागिले १,२००, म्हणजे ३३ टक्के. तुमच्याकडे १९.६ च आहेत, पॅक करा.

"पण माझे इतके पैसे आधीच गेलेत ना!"

हे वाक्य मी मोंढ्यात ऐकलंय, बचत गटाच्या बैठकीत ऐकलंय, इंजिनिअर झालेल्या पोरांकडूनही ऐकलंय. पोकर याचं उत्तर स्वच्छ देतो. पॉटमधले ८०० रुपये कुणी टाकले, हे सूत्रात कुठेच विचारलेलं नाही. त्यातले ३०० तुमचे असतील किंवा एकही तुमचा नसेल, उत्तर ३३ टक्केच येतं. पॉटमध्ये पडलेला पैसा पॉटचा. तो जिंकायचं बक्षीस आहे, तुमची ठेव नाही.

धंद्यात याचा अर्थ असा. समजा दुकानात तीन लाख घातले, दीड वर्ष झालं, दुकान चालत नाही. आता मालक आणखी ५०,००० चा माल भरायचं म्हणतोय. तेव्हा "तीन लाख वाया जातील" हे कारण हिशोबात धरायचं नाही. फक्त एवढंच विचारायचं: हे नवीन ५०,००० टाकले तर पुढे किती येऊ शकतात आणि ते येण्याची शक्यता किती? उत्तर जमत असेल तर जरूर भरा. जमत नसेल तर तीन लाखांच्या मागे साडेतीन लाख घालवू नका.

स्वस्तातली संधी: सॅम्पलचं उदाहरण

समजा, नांदेडमध्ये एका ताईंचं शिवणकामाचं युनिट आहे. एका शाळेकडून युनिफॉर्मची चौकशी आली. शाळा म्हणते, सगळ्या साइजचे सॅम्पल शिवून आणा, मग बघू. सॅम्पलला ६,००० रुपये खर्च. ऑर्डर मिळाली तर सॅम्पलच्या खर्चासकट सगळा खर्च जाऊन ४०,००० सुटतील. स्पर्धेत आणखी चार जण आहेत.

घरचे म्हणतात, "पाच जणांत तुम्हालाच कशावरून मिळेल?" सूत्र लावा. ६,००० भागिले ४६,०००, म्हणजे १३ टक्के. पाच जणांत सगळे सारखे धरले तरी ताईंची शक्यता २० टक्के. मग ही चाल देण्यासारखी आहे. शिवाय एकदा काम आवडलं तर पुढच्या वर्षीही ऑर्डर येऊ शकते, ते इथे धरलेलंच नाही.

पण दुसरी बाजूही बघा. ऑर्डर आधीच कुणाला तरी ठरलेली असेल आणि बाकीच्यांची कोटेशन फक्त फाईल भरायला मागवली असतील, तर शक्यता २० टक्के राहत नाही, दोन-तीनवर येते. म्हणून सॅम्पल शिवण्याआधी एक फोन करा, गेल्या वर्षी काम कुणी केलं ते विचारा. हा फोन फुकट आहे, आणि ६,००० वाचवू शकतो.

महागातली संधी: लातूरचं सोयाबीन

आता आपल्या भागातला सगळ्यात मोठा डाव. माल आज विकायचा की ठेवायचा?

२०२१ चं वर्ष लातूरच्या बाजारात कुणी विसरलेलं नाही. त्या ऑगस्टमध्ये सोयाबीनने क्विंटलला दहा हजारांचा टप्पा ओलांडला. त्या हंगामाचा हमीभाव होता ३,९५०. त्याच ऑगस्टमध्ये केंद्राने १२ लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी दिली, पाठोपाठ नवी आवक सुरू झाली आणि ऑक्टोबरपर्यंत भाव जवळपास निम्म्यावर आला. मग ज्यांनी माल थांबवला, त्यांना २०२२ च्या उन्हाळ्यापर्यंत पुन्हा सात हजारांच्या आसपास भाव दिसला. थांबणारे जिंकले.

त्यामुळे झालं काय? पुढच्या खरिपाचा माल अनेकांनी "दहा हजार येणार" म्हणून घरात ठेवला. ते दहा हजार परत आले नाहीत. २०२४ च्या हंगामात तर हमीभाव ४,८९२ होता आणि मोंढ्यातला भाव त्याच्याही खाली.

इथे 'थांबा' म्हणणारा चूक की 'विका' म्हणणारा, असा वाद घालू नका. थांबण्याची किंमत काढा. समजा नोव्हेंबर आहे, तुमच्याकडे १०० क्विंटल आहे, भाव ४,५००. चार महिने ठेवायचं म्हणता. क्विंटलमागे खर्च असा:

- व्याज, महिना एक टक्का, चार महिने: १८० रुपये
- गोडाऊन भाडं, हमाली: ५० रुपये
- वाळून वजनात घट, दीड टक्का धरली: साधारण ७० रुपये

एकूण ३०० रुपये. आता भाव ५,४०० झाला तर ९०० वाढले, खर्च जाऊन ६०० सुटले. भाव ४,२०० झाला तर ३०० पडले, वर खर्च ३००, म्हणजे ६०० गेले. सुटले तर ६००, गेले तर ६००. लागणारी शक्यता ५० टक्के! सॅम्पलच्या उदाहरणात १३ टक्के पुरत होते, इथे निम्मी खात्री हवी.

आणि तिसरी शक्यता सगळे विसरतात. भाव जिथल्या तिथे राहिला तर? लोक म्हणतात, "काही नुकसान झालं नाही." झालं ना, क्विंटलला ३०० गेले. समजा भाव वाढण्याची शक्यता ३० टक्के, जैसे थे राहण्याची ४० आणि पडण्याची ३० धरली. मग हिशोब असा: १८० वजा १२० वजा १८०, म्हणजे क्विंटलला १२० रुपये तोटा. १०० क्विंटलवर १२,०००. वाढण्याची आणि पडण्याची शक्यता सारखी असूनही तोटा, कारण थांबणं फुकट नसतं.

आता यातला उपयोगाचा भाग. भाव तुमच्या हातात नाही, पण चालीची किंमत काही प्रमाणात तुमच्या हातात आहे. पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना बाजार समित्यांमार्फत चालते. त्यात सोयाबीन ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा टक्के व्याजाने, सहा महिन्यांसाठी मिळतं. ही योजना शेतकऱ्यांसाठी आहे, व्यापाऱ्यांसाठी नाही. वरच्या उदाहरणात तीन चतुर्थांश रकमेचं व्याज अर्ध्यावर आलं, तर खर्च ३०० वरून साधारण २३० वर येतो. मग सुटले तर ६७०, गेले तर ५३०. लागणारी शक्यता ५० वरून ४४ टक्क्यांवर आली. बाजार तोच, पण तुमची चाल स्वस्त झाली.

शक्यता कुठून आणायची?

पत्त्यांत ५२ पानं ठरलेली असतात. बाजारात तसं नसतं. मग शक्यतेचा आकडा आणायचा कसा? तीन कामं करा.

एक, कामाचे पत्ते मोजा. "भाव वाढेल" असं म्हणू नका. कशामुळे वाढेल ते नाव घेऊन लिहा. सोयाबीनच्या बाबतीत खाद्यतेलावरचं आयात शुल्क, ब्राझील-अर्जेंटिनाचं पीक, कोंबडीखाद्यासाठी पेंडीची मागणी आणि आपल्याकडची आवक हे ते पत्ते. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क २० टक्क्यांनी वाढवलं, तेव्हा यातला एक चांगला पत्ता खरंच उघडला होता. तरीही तो हंगाम हमीभावाखालीच गेला. एक पत्ता म्हणजे अख्खा डाव नव्हे.

दोन, गावातल्या गोष्टींवर न जाता वह्या बघा. बाजार समितीकडे आणि ॲगमार्कनेटच्या संकेतस्थळावर जुने भाव मिळतात. गेल्या दहा वर्षांत नोव्हेंबर ते मार्च भाव किती वेळा २० टक्के वाढला, ते स्वतः मोजा. २०२१ सगळ्यांच्या तोंडी आहे, पण दहा ओळींच्या तक्त्यात ती एकच ओळ असते.

तीन, स्वतःचा अंदाज लिहून ठेवा. "ही ऑर्डर मिळेल, ६० टक्के" असं वहीत तारखेसह लिहा. असे वीस अंदाज झाले की बघा, साठ म्हटलेले खरंच बारा जमले का. सातच जमले असतील, तर पुढच्या वेळी तुमचा साठ म्हणजे पस्तीस धरा.

आणि हे लक्षात ठेवा: लागणारी शक्यता १३ टक्के असेल तर अंदाज थोडा चुकला तरी चालतं. ५० लागत असेल तर तुमचा अंदाज पक्का असायला हवा. म्हणूनच छोट्या उद्योजकाने स्वस्त चाली आधी शोधाव्यात.

हिशोब जमला, तरी पॅक करायची वेळ

समजा, तुमच्याकडे २० टक्के शक्यतेचा डाव आहे आणि किंमतही चांगली आहे. असे पाच डाव खेळलात. पाचही हरण्याची शक्यता किती? ०.८ ला पाच वेळा गुणा, साधारण ३३ टक्के येतात. तीनातून एकदा! दहा डाव खेळलात तरी दहाही हरण्याची शक्यता सुमारे ११ टक्के उरते. तुमचं काहीच चुकलेलं नसताना असं होऊ शकतं.

म्हणून सूत्राइतकंच दुसरंही महत्त्वाचं: हा डाव हरलो तर पुढचा खेळायला पैसे उरतील का? ताईंच्या ६,००० रुपयांच्या सॅम्पलसाठी उरतात. राहतं घर गहाण ठेवून घेतलेल्या मालासाठी उरत नाहीत. जिथे एका हरण्यात धंदाच बंद पडतो, तिथे हिशोब कितीही गोड दिसला तरी पॅक करा. किंवा डाव लहान करा. १०० क्विंटलपैकी ६० विकून देणी फेडा आणि ४० ठेवा. पोकरमध्ये अर्धी चाल देता येत नाही, धंद्यात येते. ही सवलत वापरा.

तुमच्यासाठी गृहपाठ

सध्या ज्या निर्णयावर अडकला आहात तो घ्या आणि वहीत चार ओळी लिहा:

१. आजपासून नव्याने किती पैसे टाकायचे आहेत? (आधीचे धरू नका.)
२. जमलं तर खर्च जाऊन किती येतील?
३. पहिला आकडा भागिले दोन्हींची बेरीज. लागणारी शक्यता किती आली?
४. हरलो तर पुढच्या महिन्याचा किराणा, हप्ता आणि पगार निघतो का?

चौथ्याचं उत्तर 'नाही' असेल तर पहिल्या तीन ओळी खोडून टाका. 'हो' असेल तर तिसऱ्या आकड्याकडे बघा आणि स्वतःला विचारा, माझी खरी शक्यता याच्यापेक्षा जास्त आहे का?

नाव-पत्ता न देता तुमचे आकडे व्हिडिओखाली कमेंटमध्ये लिहा. पुढच्या भागात त्यातली तीन उदाहरणं फळ्यावर सोडवू. उधारी हा विषयही पुढच्याच भागात घेऊ, कारण गिऱ्हाइकाला उधार माल देणं ही आपण रोज देतो ती चाल आहे, आणि तिची किंमत फार कमी जण काढतात.

भेटू पुढच्या व्हिडिओत. वही जवळ ठेवा!